बायकांचा दरवाजा

सरकारी कचेरी बघायला कुणी विमानाने जातं का? पण आमचा सोहेल पहिल्यापासून उलट्या खोपडीचा. तो बर्लिनला नोकरीला लागल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदाच दोह्याहून त्याच्याकडे निघालो, तर पठ्ठ्या फोनवर सांगतो, "अम्मी, तुम्हाला इथलं पार्लमेंट दाखवणार. वर काचेचा घुमट आहे, त्यात चढता येतं. नावं आधीच नोंदवलीत, पासपोर्ट विसरू नका." मी म्हटलं, "मेल्या, बाजार दाखव, नदी दाखव. दुसऱ्यांच्या खुर्च्या बघायला मी कशाला येऊ?"

खरं सांगायचं तर माझं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि त्याला कारण हनिया. माझ्या धाकट्या बहिणीची ही पोर, गावाकडे असते, दापोलीला बारावी सायन्सला आहे. आमचं गाव खाडीच्या पल्याड, एसटी आली तर आली. म्हणून आमच्या जमातीनं मुलींना कॉलेजात न्यायला-आणायला एक व्हॅन सुरू केलेली. जमात म्हणजे इथं कतारला नोकरीधंद्याला आलेली आमच्या गावची मंडळी. गावची मशीद, विहीर, मयताचं सामान, सगळ्याचे निर्णय इथं दोह्यात बसून होतात. गेल्या पावसाळ्यात ती व्हॅन घाटात बंद पडली, पोरींना घरी पोचायला मगरीबची नमाज टळून अंधार पडला, आणि गावात कुजबुज सुरू झाली. मग काय, जमातीतल्या फजलभाईंनी इकडे टुमणं लावलं, व्हॅन बंद करा, मुलींना दहावी पुरे. आम्ही बर्लिनहून परत आलो की येणाऱ्या जुम्म्याला सभा, आणि त्या सभेत निकाल.

हनियाचा व्हॉइस मेसेज आला होता. "खाला, व्हॅन बंद झाली तर अब्बा मला घरीच बसवतील. परीक्षा तोंडावर आलीय. खालूंना सांग ना. तेच सदर आहेत ना जमातीचे?"

तिचे खालू म्हणजे आमचे हे, अबूबकर, जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष. माणूस वाईट नाही हो. नमाजी, शब्दाचा पक्का, कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण सभेत कागद पुढ्यात घेऊन बसले की अंगात जमात संचारते. मी विषय काढला, तर म्हणाले, "ताहेरा, जमातीचं जमात बघेल. बायकांनी त्यात पडू नये."

"मुलींची व्हॅन आहे ना? मुली म्हणजे बायका नव्हेत वाटतं?"

"तू बॅग भर."

भरली बॅग. रागाच्या भरात यांचा जाड स्वेटर दोह्यात, फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्येच राहिला. मुद्दाम नाही, अल्लाची शपथ.

बर्लिनला असा काही वारा, की कानाच्या पाळ्या गळून पडतील. हे आपले पातळ कोटात कुडकुडत, पण बोलायची सोय नाही, कारण मी बोलतच नव्हते. पार्लमेंटची इमारत लांबूनच दिसली. पुढे जाडजूड दगडी खांब, काळपट जुनं काम, आणि डोक्यावर काचेचा घुमट, नवा कोरा. सोहेल सांगत होता, ही इमारत जळली, लढाईत फुटली, मग मधली कितीतरी वर्षं घुमटाशिवायच उभी होती. खाली आमचे पासपोर्ट बघितले, बॅगा मशीनमधून काढल्या, आणि मोठ्या लिफ्टनं आम्हाला थेट गच्चीवर नेऊन सोडलं.

आता घुमट म्हटला की माझ्या अंगाला एक वळण लागलेलं आहे. ओढणी आपोआप पुढे येते आणि डोळे बाजूची वाट शोधायला लागतात. गच्चीवर उतरल्यावर सगळी माणसं समोरच्या दारातून घुमटात शिरत होती, बाप्ये, बाया, पोरं, सगळी. आमचे हे आणि सोहेलसुद्धा त्या रांगेत लागले. आणि मी? मी वळले उजवीकडे आणि घुमटाला वळसा घालत बायकांचा दरवाजा शोधायला लागले. एका दाराला हात घातला तर आत माणसं कॉफी पीत बसलेली. तशीच पुढे गेले. गच्चीवर गणवेशातली एक पोरगी उभी होती, तिला विचारलं, "लेडीज डोअर, प्लीज?" तिनं मला प्रेमानं नेऊन संडासासमोर उभं केलं.

"नो, नो," मी म्हटलं, "डोम. इनसाइड. लेडीज साइड."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. माझ्याकडे जरा बघत राहिली, मग त्याच दाराकडे बोट केलं, जिथून अख्खी दुनिया आत जात होती. "हियर," म्हणाली. "एव्हरीबडी."

तोवर सोहेल धावत आला, मागोमाग हे. त्याला कळल्यावर त्याचं हसू आवरेना. "अम्मी, इट्स नॉट अ मॉस्क!"

"मला ठाऊक आहे रे गाढवा!"

यांनी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी ओळखीचं नाही ना. बर्लिनमध्ये कोण असणार ओळखीचं? हळूच म्हणाले, "तू पण ना, ताहेरा. लोक काय म्हणतील?" आणि तेही हसले.

मला इतकी शरम वाटली, की वाटलं परत लिफ्टमध्ये बसावं. आणि शरमेच्या पाठोपाठ राग आला. मशिदीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिथली माझी जागा मला माहीत आहे आणि तिथं माझ्या जिवाला थंडावा मिळतो. पण ही तर कचेरी! इथं मला कुणी अडवलं नव्हतं, पाटी नव्हती, पडदा नव्हता. तरी माझे पाय आपणहून मागच्या दाराकडे वळले. पन्नाशी उलटलेल्या बाईला आता कुणी सांगायला पण लागत नाही. त्या रागानं माझी थंडी पळाली.

घुमटात शिरलो. आत एक गोल गोल चढत जाणारी वाट, आणि मधोमध आरशांचा एक मोठा खांब, वरून रुंद, खाली निमुळता. चढणाऱ्यांची वाट वेगळी, उतरणाऱ्यांची वेगळी, कुणाचा कुणाला धक्का नाही. आरशांत आमचे हे दहा जागी दिसायला लागले. मी मनात म्हटलं, या अल्ला, मला एकच पुरे होतो. सोहेलनं खाली बोट दाखवलं. पायाखालच्या काचेतून मोठं सभागृह दिसत होतं, निळ्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा.

"तिथं बसतात ते, कायदे करायला," सोहेल म्हणाला. "आणि आपण त्यांच्या डोक्यावर."

"राग येत नाही त्यांना? वर लोक चपला घालून हिंडतात."

"अम्मी, मुद्दाम बांधलंय असं. लोक वर, निवडून दिलेले खाली. मान वर केली की त्यांना आठवलं पाहिजे, आपण कुणाचे नोकर ते."

"वा!" हे खूश झाले. "काय डोकं लढवलंय! याला म्हणतात लोकशाही. आपल्याकडे असं पाहिजे."

बस. हेच ऐकायला मी थांबले होते.

"आपल्याकडे कुठं?" मी विचारलं.

"म्हणजे... सगळीकडेच."

"जमातीत पाहिजे का?"

यांनी कोटाची बटणं लावायला घेतली, आधीच लावलेली. आम्ही वर टोकाला पोचलो. तिथं बसायला गोल बाक आहे, आणि घुमटाला वरून झाकणच नाही, आभाळ थेट आत येतं. आम्ही दोघं बसलो, सोहेल फोटो काढायला लांब गेला. शहाणं आहे पोर, आईबापाच्या भांडणाचा वास त्याला लहानपणापासून येतो.

"सभेत तुम्ही पुढल्या खोलीत असता," मी म्हटलं, "आणि आम्ही मागे किचनमध्ये कांदे चिरत. व्हॅन कुणाची, तर पोरींची. त्या पोरींना जन्म दिला कुणी? आणि ठरवणार फजल?"

"इथलं इथं राहू दे, ताहेरा. आपल्यात ते चालत नाही."

"का चालत नाही?"

"कधी चाललं नाही म्हणून."

"मघाशी वा म्हणालात ते कशाला?"

त्यांनी हातांवर फुंकर घातली. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! त्यांचे हात गारठून जांभळे पडले होते. मी माझी शाल काढून त्यांच्या अंगावर टाकली. पण परतीच्या विमानात मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. ते दोनदा म्हणाले, "ज्यूस घेशील?" मी मान हलवली.

दोह्याला परतल्यावर जुम्म्याची नमाज झाली आणि जमातीची मंडळी मन्सूरभाईंच्या व्हिलात जमली, अल सद्दच्या मागच्या गल्लीत. खाली प्रशस्त हॉल, त्यात पुरुषांची बैठक. हॉलमधूनच जिना वर जातो आणि वर कठड्याची गॅलरी आहे. किचन मागच्या अंगाला. आम्ही नेहमीप्रमाणे किचनमध्ये. बिर्याणीला दम लावून झाला होता. मी हात धुतले आणि मन्सूरभाईंच्या सुमैयाला म्हटलं, "चल गो, वर जाऊन बसू."

"वर? कशाला?"

"बसायला. वर बसायला मनाई आहे का तुझ्या घरात?"

सुमैयानं तोंडावर हात ठेवला. पण तिच्याही दोन भाच्या त्याच व्हॅनने जातात. तिनं ॲप्रन काढला. तिचं बघून बाकीच्या उठल्या. फजलभाईंची म्हातारी अम्मा गावाहून व्हिजिटवर आली होती, तिचे गुडघे दुखतात, तिला आम्ही दोघींनी दंडाला धरून हॉलमधल्या जिन्याने वर चढवलं. सगळ्या पुरुषांच्या समोरून. काय बोलायचं तेच कुणाला सुचेना. आम्ही कठड्यापाशी ओळीनं बसलो, नजर खाली, थेट बैठकीवर.

यांनी वर पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उगाच पाणी प्यायले.

फजलभाई बोलायला उठले. एरवी त्यांचं तोंड म्हणजे उघडा नळ, पण आज धार लागेना. "विषय असा आहे की... व्हॅनमुळे मुली उशिरा येतात. गावात लोक बोलतात. लोकांचं म्हणणं आहे की..."

"कोण लोक रे, फजल?" वरून म्हातारीचा आवाज आला. "नावं सांग. मी तर गावातच असते, माझ्या कानावर कोण आला नाय."

हॉलमध्ये खसखस पिकली. फजलभाई लाल झाले. "अम्मा, तू मधी पडू नको."

"मी मधी कुठं? मी वर हाय."

आता मात्र मन्सूरभाईपण हसले. फजलभाई तरी हट्टाला पेटले, "ते काही असो, रीतीप्रमाणे हात वर करून घ्या." जमातीचा सेक्रेटरी कमाल मोजायला उभा राहिला आणि सगळे यांच्याकडे बघायला लागले. मी कठड्यावरून वाकून एकेक चेहरा बघून घेतला. खालची माणसं मला ठाऊक होती. निम्मे तरी फजलचे, उरलेले ज्याचं वारं त्याच्याकडे. हनियाची पुस्तकं डोळ्यांपुढे आली, दोरीनं बांधून माळ्यावर टाकलेली.

हे उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर गॅलरीकडे बघितलं, आणि या वेळी नजर काढली नाही.

"व्हॅनमध्ये बसतात त्या मुलींच्या आया, खाला, फुफ्या वर बसल्यात," ते म्हणाले. "त्यांना न विचारता आपण कसं ठरवायचं? व्हॅन चालू ठेवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. वरच्यांनी पण."

"सदरसाहेब, असं कधी झालेलं नाही!" फजलभाई ओरडले.

"नाही झालं," हे म्हणाले. "मोज, कमाल."

आणि गंमत बघा, एवढी तोंडाळ मी, माझाच हात वर जाईना. इंडियात इलेक्शन असलं की आम्ही इकडे, आणि हा मुलुख तर आपला नव्हेच. निकाहाच्या वेळी काजींनी एकदा विचारलं होतं, कबूल आहे का, तेवढंच. त्यानंतर आजवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. शेजारी म्हातारीचा सुरकुतलेला हात वर गेलेला, सुमैयाचा गेला, बाकीच्यांचे गेले. मग मी माझा हात उचलला, आणि उचलताना मला रडूच फुटलं. कमाल खालून एकेका हाताकडे बोट करत मोजत होता. माझ्यापाशी त्याचं बोट आलं, त्यानं मान लववली आणि आकडा पुढे गेला.

खालचेही हात हळूहळू वर आले. मन्सूरभाईंचा पहिला. मोजायला फार वेळ लागलाच नाही. फजलभाईंनी स्वतःच हात झटकले आणि म्हणाले, "खलास. पण व्हॅनची सर्व्हिसिंग दर महिन्याला झाली पाहिजे." ते मात्र बरोबर होतं. तेही मंजूर झालं.

घरी येताना गाडीतून मी हनियाला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिनं. "खाला, खालूंनी काय ठरवलं?"

"खालूंनी काही ठरवलं नाही गो," मी म्हटलं. "त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही ठरवलं. सोमवारी व्हॅन येतेय."

तिकडून अशी किंकाळी आली की स्टिअरिंगवरचे आमचे हे दचकले. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न मारला, तरी ते गाडी न हलवता माझ्याकडे बघून हसत बसले.