उताराचा कोपरा

"हितं खंदायचं असंल तर आधी मला गाडा!" असं म्हणून अप्पा जेसीबीपुढं फतकल मारून बसला. ऑपरेटरनं मशीन बंद केलं आणि माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार? बाप आहे माझा.

शेततळं मंजूर व्हायला मी निलंग्याला किती खेटे घातले, माझं मला ठाऊक. आमच्या रानाचा सगळा उतार या कोपऱ्याकडं. पाऊस पडतो, पाणी इथं येतं आणि मातीसकट ओढ्याला पळून जातं. मग ऐन शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन करपतं. तळं वरच्या अंगाला खणलं तर त्यात फुफाटाच साचायचा. आणि नेमकी याच कोपऱ्यात माझी थोरली बहीण, महादेवी. भूकंपात गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. त्या धांदलीत, भर पावसात, जिथं माती मऊ लागली तिथं अप्पानं तिला पुरलं. मी तिला बघितलेलं नाही, मी भूकंपानंतरचा.

"अप्पा, यंदा तळं न्हाई झालं तर मी चाललो लातूरला. क्लासच्या पोरांच्या मेसमदी ताटं उचलीन, पर हे करपलेलं बघणार न्हाई."

"जा की! आख्खं गाव जायलंय. ती एकटी तर हाय हितं."

असा संताप आला मला! "मेलेल्या लेकीपायी जित्या पोराला हाकलायलाव तुम्ही," असं बोलून गेलो. अप्पाचं तोंडच उतरलं. माझं मलाच वाईट वाटलं.

तेवढ्यात अव्वा, माझी आई, आली. भाकरीचं गठुडं बांधावर ठेवून अप्पाशेजारी मातीत बसली. महादेवीचं नाव ती घरात कधीच काढत नसे.

"दगडाखाली हुती तवा पोरगी काय मागत हुती, ध्यानात हाय का?" तिनं अप्पाला विचारलं.

मग तिनंच सांगितलं.

"पाणी मागत हुती. माझा हात पोचंना. 'अव्वा, पाणी, अव्वा, पाणी' करत गेली. हितं साठू द्या की पाणी, अवो."

अप्पा उठला, धोतर झटकलं आणि तडक ऑपरेटरकडं गेला. मला वाटलं, आता पुन्हा भांडणार.

"हळू घे रं बाबा," तो म्हणाला. "सहा वर्सांची हाय."