काजळीची चव

काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ कायमचं सोडायचं, ही आमच्याकडची रीत. बायका बहुतेक रामफळ नाहीतर पपनस सोडतात, म्हणजे जन्मभर काही अडत नाही. मी मालकांच्या अस्थी घेऊन गेले, तेव्हा गंगेत उभी राहून द्राक्ष सोडलं. पुणतांब्याच्या आमच्या मळ्यात विहिरीकडेला त्यांनी लावलेला काजळी द्राक्षाचा वेल होता. त्याचा पहिला घड ते दरसाली माझ्या ओंजळीत ठेवायचे. त्याहून आवडीचं माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

वेल मात्र सोडला नाही. रोज सकाळी देवाची फुलं काढून झाली की पांगाऱ्यावर चढलेल्या त्या वेलाला पाणी घालायचं, वाळकी पानं खुडायची. चैत्रात घड काळेभोर व्हायचे, वर राख फासल्यासारखे. इतर द्राक्षांचा रस फिका असतो. काजळीचा गरसुद्धा तांबडा. घड तोडले की दोन दिवस बोटं कुंकवात बुडवल्यासारखी दिसायची. पहिला घड देवाला, बाकीचे शेजारीपाजारी. पोरं तोंड वाकडं करायची. साल जाड, बिया मोठ्या. व्यापारी तर टोपलीत वाकूनसुद्धा बघायचा नाही.

एकाहत्तर साली माझ्या धाकट्या दिरांनी, गोरक्षभावजींनी, ठरवलं की हा वेल काढायचा आणि तिथं तारेच्या मांडवावर बिनबियांची द्राक्षं लावायची. अक्षय्यतृतीया झाली की कुऱ्हाड. माणूस वाईट नव्हे. माझं दुखलंखुपलं तेच बघतात. त्यांचं म्हणणंही सरळ होतं.

“वैनी, गिऱ्हाईक घेत न्हाई, तुमी खात न्हाई. मंग ह्यो येल ठिवायचा कुनासाठी?”

पोथी उघडून बसले तरी मन विहिरीकडेच.

त्याच आठवड्यात शेवटचे घड तोडताना बोट कापलं, म्हणून मिशनच्या दवाखान्यात गेले. तिथल्या पाद्रीबाबांनी माझे तांबडे हात बघितले. सगळंच रक्त नव्हे, रस आहे, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून मळ्यात आले. त्यांना उपासनेसाठी द्राक्षाची वाइन लागायची, ती गोव्याहून यायची. इथल्या द्राक्षाची होते का, हे त्यांना बघायचं होतं. दारूचं नाव निघालं तशी मी पदर सावरून मागं सरले. बाबा हसले. प्रार्थना म्हणून झाल्यावर घोटभर घ्यायची, एवढंच, असं त्यांनी समजावलं.

“मंजी तीर्थच की,” विहिरीपाशी उभे असलेले भावजी म्हणाले.

वेल तर रिकामा होता. म्हणून बाबांनी मला विचारलं, “चव कशी असते, बाई?”

इतक्या वर्षांत चव पुसट झाली होती, आणि खोटं सांगणं जिवावर आलं. मी भावजींकडे पाहिलं. ते एक शब्द वाकडा बोलले असते, तर बाबा आल्या वाटेनं गेले असते.

भावजी वेलाकडे बघत राहिले.

“आदी आंबट. मंग सालीतनं तुरटपना येतो, जीभ धरून ठिवतो. गिळलं की मागनं गोड. लई येळ राहतं.” मग म्हणाले, “ल्हानपनी मी थुकाया लागलो की दादा म्हनायचा, थुकू नगं, थांब जरा.”

बाबा पुढच्या चैत्रात टोपल्या घेऊन येतो म्हणाले. कुऱ्हाडीचं नाव पुन्हा निघालं नाही. तारेचा मांडव ओढ्याकडच्या पट्टीत उभा राहिला.

पुढच्या चैत्रात पहिल्या घडाचा नैवेद्य दाखवला आणि प्रसाद भावजींच्या हातावर ठेवला. त्यांनी विहिरीच्या काठाला टेकून एक मणी तोंडात टाकला. मी घागर खाली ठेवून उभी राहिले.

“औंदा जरा आंबटच हाय,” ते म्हणाले. मग काही वेळानं, “थांबा. आलं गोड.”