ज्याचा बाण त्याने करावा

चष्मेवाला आणि ड्रायव्हरबाई यांचा घटस्फोट इतक्या सामोपचाराने झाला की वकिलांनाच वाईट वाटलं. तिने आपलं धनुष्य घेतलं, त्याने बाण करायची हत्यारं घेतली, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करू लागले. लग्नात हा मान कोणी कोणाला दिला नव्हता.

तिरंदाजीच्या क्लबात मात्र दोघं पूर्वीसारखेच येत. ती शहरात बस चालवायची आणि क्लबात सगळ्यांत चांगला नेम तिचा होता. त्याचं चष्म्यांचं दुकान. नेम यथातथाच, पण बांबूचे बाण त्याच्यासारखे कोणाला जमत नसत. वेगळं झाल्यावरही तिच्या भात्यात त्याचेच बाण होते.

यंदा क्लबाने नियम काढला: वार्षिक स्पर्धेत ज्याने त्याने स्वतः केलेलेच बाण मारायचे. रविवारी सकाळी ती त्याच्या दारात उभी.

"बसा," तो म्हणाला. "चहा?"

"नको. बांबू."

त्याने कपाटावरून करंगळीहून बारीक, वाळलेले बांबू काढले आणि गॅस पेटवला. बांबू आचेवर फिरवायचा, गरम झाला की बाक असेल त्याच्या उलट दाबायचा आणि निवेपर्यंत तसाच धरायचा. यातलं 'निवेपर्यंत' तिला जमेना. पहिला बांबू तिने जाळला. दुसरा सरळ करता करता विरुद्ध बाजूला वाकवला. तिसरा मोडला.

"घाई होतेय तुमची," तो म्हणाला.

"घाई कसली? तुझा गॅसच मोठा आहे!"

'तुझा' निसटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. कोणी दुरुस्त केलं नाही.

"लग्नाची सगळी वर्षं तू मला असाच सरळ करत बसला होतास," पुढचा बांबू फिरवत ती म्हणाली. "असं बोल, तसं बस, चपला रांगेत काढ."

"झाली नाहीस."

"मग? वाईट वाटलं?"

त्याने चष्मा काढून पुसला. "बांबूवर मी कधी ओरडलो नाही. तुझ्यावर ओरडायचो. ते चुकलं."

ती बोलायला गेली असती तर हातातला बांबू सुटला असता. तो निवेपर्यंत तिने घट्ट धरून ठेवला, आणि सरळ झाला तो.

पुढचे रविवार कानशीने गाठी घासण्यात, मागे दोरीसाठी खाच पाडण्यात आणि पिसं चिकटवण्यात गेले. नियम म्हणजे नियम, म्हणून तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

"बोलायचं नाही," ती म्हणायची.

"मी कुठे बोललो?"

"श्वास तसा घेतलास."

स्पर्धेत तिचे बहुतेक बाण बरे गेले. एक भरकटला आणि अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीत घुसला. अध्यक्ष नुकतेच पाणी प्यायला उठले होते. त्यानंतर ते बराच वेळ पाणीच पीत राहिले. ती चौथी आली. चष्मेवाला दुसरा आला. आजवर तो कधी पहिल्या दहांतही नव्हता.

"हे कसं काय?" तिने विचारलं.

"या वेळी माझ्या धनुष्याला साजेसे केले. तुझं धनुष्य कडक, त्याला कडक बाण लागतात. माझ्या धनुष्यावरून ते भलतीकडे जायचे."

"म्हणजे इतकी वर्षं तू माझे उरलेले बाण मारत होतास?"

"हो."

"बोलला का नाहीस?"

"नेम तुझा चांगला होता."

तिने भाता खांद्याला लावला आणि निघून गेली. त्याला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात ती हिरव्या बांबूंचा भारा घेऊन आली. "माझ्या घरी ऊन येत नाही," ती म्हणाली.

त्याने गॅलरीतले वाळत घातलेले शर्ट एका बाजूला सारले. "वर्षभर लागेल वाळायला."

"मधेमधे येऊन बघावं लागेल?"

"लागतं," तो म्हणाला. "नाहीतर बुरशी धरते."