दचकायची चिठ्ठी

पिस्तूल शिकवणाऱ्यांनी शिकवायचं कसं, हे शिकवायचं काम उस्तादांचं. सात हवालदार आले होते, सगळे पट्टीचे नेमबाज. मग चुका काढायच्या कुणाच्या? म्हणून उस्ताद रोज सकाळी चिठ्ठ्या वाटायचे. चिठ्ठीत निघेल ती चूक दिवसभर करायची आणि बाकीच्यांनी ती सुधारायची. कुणी मनगट ढिलं सोडायचं, कुणी भलताच डोळा मिटायचा.

त्यातल्या एकाला पहिल्याच दिवशी 'दचकणे' आलं. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच धक्क्याच्या धास्तीनं हात खाली झटकायचा. बिचाऱ्यानं जीव ओतून केलं आणि तेच अंगाशी आलं. असं अस्सल दचकणं उभ्या नोकरीत पाहिलं नाही, असं उस्ताद म्हणाले आणि सहा आठवडे ती चिठ्ठी त्यालाच देत राहिले. नावही पडलं दचक्या.

त्याला पास व्हायलाच हवं होतं. पाच वर्षं परक्या गावी फाटकावर पहारा चालला होता. कागद मिळाला की घराजवळ बदली. दोनदा आधीच आपटला होता. त्याची लेक त्याला 'फोनवाले बाबा' म्हणायची.

परीक्षा सोपी होती. एका चुकणाऱ्याला नीट शिकवलं की कागद हातात, आणि तो सुधारला की शिकवणाऱ्याला घरी जायची मोकळीक. सहाही जणांनी दचक्यालाच मागून घेतलं. तो सहादा दचकला, सहादा सुधारला. सहा जण बॅगा भरायला गेले. राहता राहिला तो. पण आता चुकणारा आणायचा कुठून? पास झालेल्यानं चुकणं नियमात बसत नव्हतं. उस्तादांनी यादी दोनदा वाचली.

“दचक्या आहे की,” ते म्हणाले. “त्यालाच घे.”

वरिष्ठांपुढे शहाणपण चालत नाही. कितवी ते कळू नये म्हणून त्यानं डोळे मिटून मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत एक खोटी मिसळली आणि नेम धरला. चौथ्या खेपेला नुसतं टक् वाजलं, तरी नळी खाली गेलीच. त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि एक पाऊल मागे येऊन, जिथे आता कुणीच नव्हतं तिथे बघून म्हणाला, “बाळा, गोळी सुटलीच नाही, मग हात कुठे निघाला होता?”

पुढे जाऊन त्यानं मान खाली घातली. मागे येऊन समजावलं की घाई कसली, बोट सावकाश दाब, मी आहे ना मागे. इतक्या मायेनं त्याला कधी कुणी शिकवलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी नेम कुठला लागतोय? उरलेल्या सगळ्या गोळ्या खाली डावीकडे, एकाच भोकात.

उस्तादांनी शेरा लिहिला: शिकवणारा उत्तम, शिकणारा ढ. कागद त्याच्या हातात दिला आणि राहायच्या खोलीची किल्ली मात्र परत घेतली नाही.

फोनवर बायकोला त्यानं सांगितलं की पास झालो. ती रडायलाच लागली. मग विचारलं, “कधी येताय?”

“माझा एक विद्यार्थी मागे राहिलाय. तसा गुणी आहे, जरा दचकतो. तो सुधारेपर्यंत सुट्टी नाही.”



“त्याला रागावू नका हं,” ती म्हणाली. “घरापासून लांब असेल बिचारा.”