मऊ भात आणि एरंडेल

वर्तकनगरच्या व्यायामशाळेत मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. शिकायला वगैरे मुळीच नाही.

ही व्यायामशाळा म्हणजे आमच्या इमारतीच्या मागची पत्र्याची लांबट शेड. सकाळ-संध्याकाळ तिथे मुलगे असायचे आणि दुपारी दोन ते चार मुलींचा दोरीच्या मल्लखांबाचा वर्ग. शिकवणारी हेमा जेमतेम बावीस वर्षांची होती, पण शिट्टी अशी फुंकायची की आमच्या खिडकीतली भांडी दणाणावीत. अठ्ठ्याऐंशी साल संपत आलं होतं. माझी एकुलती एक लेक रतन लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती आणि रिकामी दुपार मला खायला उठत होती. झोपावं म्हटलं तर ही शिट्टी. एक दिवस मी पदर खोचला आणि तरातरा गेले.

हेमाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सॉरी काकू. दोन मिनिटं बसा ना, ही पोरगी उतरली की बोलूया."

ती पोरगी आठ-नऊ वर्षांची असेल. दोरीवर उलटी लटकून हात जोडून हसत होती. माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? लटकायचं तर आहे."

"मग करून दाखवा काकू," हेमा म्हणाली. तिने ते चिडवायला म्हटलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. पण सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या, आणि माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

दोरी मला धरवेना. ती पायाच्या अंगठ्यात पकडावी लागते आणि माझ्या अंगठ्यावर एकदा वरवंटा पडलेला, तेव्हापासून तो नीट वळत नाही. म्हणून मी कोपऱ्यातल्या मुलग्यांच्या खांबाकडे गेले. शिसवीचा खांब, जमिनीत पुरलेला, वर जाताना निमुळता होणारा, टोकाला लाकडी बोंड. दुपारी तो बिचारा रिकामाच उभा असायचा. मी त्याला मिठी मारली, पाय उचलले आणि लगेच खाली बसकण मारली. खांबाला एरंडेल चोळलेलं होतं. पोरी खिदळल्या. हेमा मात्र हसली नाही. "साडीत कसं जमेल काकू?" ती म्हणाली. "कापड घसरतं, कातडी धरते. उद्या येताना कपड्यांचं बघा."

उद्या! मी भांडायला आलेली बाई, वय त्रेचाळीस. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला फक्त तो खांब आठवत होता.

त्या दुपारी शेडमधून घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या. सगुणाबाईंचा जन्म कोलशेतच्या कोळीवाड्यातला. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन ठाण्यात मासळी विकलेली. आवाज असा की बाजार गप्प व्हावा, आणि नाक त्याहून तिखट. त्यांनी मान वर केली, हुंगलं आणि विचारलं, "एरंडेल घेतलंस का गो? पोट बिघडलाय?"

आता काय सांगू? की आई, मी मुलग्यांच्या खांबाला मिठी मारून आले? मी म्हटलं, "हो. साफ होत नव्हतं दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला माझ्यापुढे ताट आलं. मऊ भात, वर साजूक तूप आणि मीठ. बाकीच्यांना बोंबलाचं कालवण होतं.

आमच्या घरात मासळीशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच. पण माझा हात थांबला तो वेगळ्याच कारणाने. बावीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी मला ताट वाढून दिल्याचं मला आठवत नव्हतं. वाईट नव्हत्या त्या. पण त्यांचं प्रेम कुंडलिकवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, आणि नंतर रतनवर. मी घरातली कामाची बाई असल्यासारखी होते आणि मीही तेच धरून चालले होते. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. माझ्यासाठी कुणी वेगळं शिजवलंय, ही गोष्टच मला नवी होती. मी तो भात खाली मान घालून खाल्ला.

त्याच दुपारी मी पेटीतून सासूबाईंचं एक जुनं, विटकं लुगडं काढलं. ते कोळणींसारखं मांड्यांवर घट्ट चापून नेसले. पाय उघडे. आरशात बघितलं तर लाज वाटली आणि बरंही वाटलं. वरून साडी गुंडाळून मी शेडमध्ये गेले.

मग माझी रोजची दुपार ठरूनच गेली. पहिले पंधरा दिवस मी फक्त घसरले. हेमा सांगायची, "काकू, हातांवर लटकू नका. धरायचं मांड्यांनी." खांबाला पायांनी जी घट्ट पकड घालतात तिला अढी म्हणतात. हातांनी खांब धरायचा, खालून झोका देऊन पाय वर न्यायचे, ते खांबाभोवती आवळायचे आणि डोकं खाली. ऐकायला सोपं आहे. मला पाय कमरेच्या वर न्यायलाच महिना लागला. मांड्यांना आतून काळेनिळे डाग पडले. कुंडलिकने एकदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, खाटेचा कोपरा लागला. त्याने बिचाऱ्याने खाटेच्या कोपऱ्याला चिंधी बांधून टाकली.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी पाय वर गेले आणि राहिले. खांब मांड्यांत असा बसला की जणू तो तिथलाच. शेड उलटी झाली. पत्रा खाली, माती वर, आणि हेमाचे कानातले डूल गालांवर चढलेले. मी ओरडले, "राहिले! अगं मी राहिले!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर मला रडूच आलं, आणि का येतंय ते कळत नव्हतं.

हात मात्र सुटत नव्हते. उलटं लटकायचं आणि हात सोडून नमस्कार करायचा, तेव्हा ती अढी पुरी. "पायांवर विश्वास ठेवा," हेमा म्हणायची. पाय तयार होते, पण मी एक बोट सोडायचे आणि परत धरायचे.

इकडे ताट चालूच होतं. रोज साडेबाराला मऊ भात. कधी मुगाची पातळ डाळ, कधी पेज. मी एकदा म्हणून पाहिलं, "आई, आता बरं आहे मला." त्यांनी मला हुंगलं आणि म्हणाल्या, "अजून वास येतंय. खा गपचूप." मी जेवत असताना त्या समोर बसायच्या. हळूहळू बोलायला लागल्या. कोलशेतची खाडी, त्यांचे वडील, तिथली जत्रा. मीही बोलायला लागले. रतन गेल्यापासून घर कसं वाटतं, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. रविवारी त्यांनी कोळंबी तळली. घरभर वास. मला पेज. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण खरं सांगते, त्या पेजेच्या बदल्यात मी ती कोळंबी घेतली नसती. माझं पोट बरं झालं असतं तर ताटही गेलं असतं आणि समोर बसणंही.

मार्च संपता संपता हेमाने सांगितलं, "काकू, हनुमान जयंतीला प्रात्यक्षिकं आहेत. संध्याकाळी, सगळ्या कॉलनीसमोर. तुम्ही अढी करायची."

पडण्याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळीच. सगळ्या कॉलनीसमोर म्हणजे सासूबाईंसमोर. चार महिने त्या म्हातारीने माझ्यासाठी चुलीपाशी उभं राहायचं आणि मी लुगडं वर करून खांबावर नाचायचं! त्यांना वाटेल, हिने मला उल्लू बनवलं. नाही म्हणावं, तर आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी फक्त माझ्यासाठी शिकले होते, ते असंच शेडमध्ये दडवून ठेवायचं. मी हो म्हटलं आणि घरी जाताना ठरवलं, आज सांगायचं. सांगितलं नाही. पुढचे वीस दिवस रोज ठरवलं, आणि रोज समोर ताट आलं की घास तोंडात घेऊन गप्प बसले.

हनुमान जयंतीला सकाळीच त्या म्हणाल्या, "संध्याकाली मीपन येतंय देवाला." मला धड हो म्हणवेना, धड नाही म्हणवेना.

शेडमधला खांब उपसून बाहेर मोकळ्या जागेत पुरला होता. त्याला हार घातला, नारळ फोडला. मुलग्यांनी एकेक कसरती केल्या, पोरींची दोरी झाली. मग हेमाने माझं नाव घेतलं, "आता कांताकाकू." गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. कुंडलिक पाळीवरून नुकताच आला होता, डबा हातात घेऊन उभा. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी साडी सोडून हेमाच्या हातात दिली. आत सासूबाईंचं लुगडं.

मी खांब धरला, झोका दिला, पाय वर गेले, अढी बसली. जग उलटं झालं आणि त्या उलट्या जगात अगदी पुढे, सतरंजीवर, सासूबाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, त्या लुगड्याकडे बघत होत्या. माझे हात थरथरायला लागले. मनात आलं, उतरावं, आत्ताच्या आत्ता उतरावं आणि त्यांचे पाय धरावेत. माझी अढी सैल झाली आणि मी वीतभर घसरले.

"उतरू नको!"

तो मासळीबाजारातला आवाज. सगळी कॉलनी गप्प झाली. "कांते, उतरू नको गो! सोड हात!"

मी मांड्या आवळल्या आणि हात सोडले. दोन्ही. छातीशी जोडले. किती वेळ राहिले ठाऊक नाही. हेमा नंतर म्हणाली, दहापर्यंत आकडे मोजून झाले.

घरी आल्यावर कुंडलिक खाटेच्या कोपऱ्याची चिंधी सोडत बसला. मी स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर बसले आणि म्हटलं, "आई, मी खोटं बोलले. माझं पोट कधी बिघडलंच नव्हतं."

त्या पितळी पुसत होत्या. हात थांबला नाही. "मना सांगतंस? चाळीस वरसं मासली विकली मी. कालचा पापलेट नि आजचा पापलेट लांबून सांगतंय. पोटातला एरंडेल नि अंगावरचा एरंडेल मना कलत नाय? नि माज्या लुगड्यावरचे डाग कोन धुवत होता, तू?"

"मग पहिल्या दिवसापासून..."

"हां, पैल्याच. तू भांडाया गेलीस नि मी मागून आले बगायला. पत्र्याच्या फटीतून बगितला."

"मग तो मऊ भात?"

"अगो, पोटभर कालवन खाऊन उलटी लटकली असतीस तं वकली असतीस खांबावर."

मला हसू आलं आणि रडूही. चार महिने रोज! मी विचारलं, "मला का नाही बोललात?"

त्यांनी पितळी खाली ठेवली.

"मी नव वरसांची व्हते. बाची होडी डागडुजीला किनाऱ्यावर घेतली व्हती. मी डोलकाठीवर चढले. पार वर. आख्खी खाडी दिसली मना, पलीकडची गावां दिसली. खालून बा वरडला, उतर. नि मी उतरले." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "परत कुनी चढूच दिला नाय. आज तू मना बगितलंस नि तुजे हात कापले. मना वाटला, आता ही माज्यापायी उतरते."

मी त्यांचा हात धरला. माझ्या हाताला अजून एरंडेलाचा वास होता. त्यांनी आपला हात सोडवून घेतला नाही.

"उद्या कोलंबी करतंय," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पन खांबावरून आल्यावर. आधी मऊ भातच."