शेषनाग आणि नळीची पट्टी

सीपरी बाजारातल्या गॅरेजपुढे माणसं कान टवकारून उभी होती. हृषीकेशच्या लाल दोन-सीटर गाडीच्या बॉनेटखालून 'फुस्स' असा आवाज येत होता, आणि शीतलनाथ बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तो साक्षात शेषनागाचा श्वास होता.

"सुनो भक्तो! नागदेवता इंजन की गर्मी पी रहे हैं।"

भक्तांनी हात जोडले. एकाने बॉनेटवर दुधाची पिशवी रिकामी केली.

ही गाडी हृषीकेशने तीन वर्षं खपून बांधली होती. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर त्याने स्वतः बसवला, आणि तेव्हापासून ॲक्सिलरेटर दाबला की आतून खडखड ठोके पडू लागले. ती हवा थंड करायला त्याने कूलर मागवला. तेवढ्यात त्याचे वडील नीलकंठराव बाबांना घेऊन आले. बाबांनी सुपरचार्जरच्या नळीला कलावा, म्हणजे पूजेचा लाल दोरा गुंडाळला, दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर भस्माचे तीन पट्टे ओढले आणि ठोके थांबले. कूलर परत गेला. आता रविवारी, जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीत, हृषीकेश दाब आणखी वाढवून उतरणार होता.

त्याची मोठी बहीण चारुता कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नागाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. भावाच्या जिवाची मात्र तिला भीती वाटत होती.

"मला एक चक्कर मारून आण," ती म्हणाली.

"चल ना ताई. बघच, एकदम स्मूद झालीय."

मोकळ्या रस्त्यावर हृषीकेशने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. सहा सवाऱ्या आणि एक बकरी घेतलेली ऑटो त्यांना मागे टाकून निघून गेली.

"किती शांत झालंय ना इंजिन?" हृषीकेश समाधानाने म्हणाला.

"फारच," असं म्हणून चारुताने ओढणीने दाबाच्या घड्याळाची काच पुसली.

"अगं ताई, टिळा आहे तो!"

टिळा असल्यामुळेच तीन आठवडे त्या काचेला कुणी हात लावला नव्हता. आत काटा शून्यावर पडून होता.

गॅरेजला परतल्यावर तिने कलावा सोडला. खाली नळी आवळणारी पट्टी ढिली केलेली होती. दाबलेली हवा तिथूनच बाहेर पळत होती, आणि तिचंच 'फुस्स' ऐकून लोक दूध ओतत होते. चारुताने पेचकसाने पट्टी आवळली, कलावा होता तसा बांधला, भस्मही पुन्हा ओढलं.

"बैठिए बाबाजी. हृषी, गाडी काढ."

"आज मंगलवार है बिटिया, हम वाहन में नहीं बैठते।"

"आज सोमवार है, महाराज," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

नीलकंठरावांनी आदराने दार उघडून धरलं. बाबा बसले. हृषीकेशने ॲक्सिलरेटर दाबताच पहिल्या वळणाआधीच खडखड सुरू झाली. बाबा तिथेच उतरले, ते परत काही दिसले नाहीत.

"अण्णा," चारुता वडिलांना म्हणाली, "सायकलला हवा भरताना पंप पोळतो ना? दाबली की हवा तापते. ती तापलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली जाते, आणि पेट्रोल वेळेआधी भडकतं. तेच ठोके. त्यावर उपाय म्हणून हवा थंड करावी लागते, नाहीतर सिलिंडरमधला दाब कमी करावा लागतो. बाबांनी फक्त हवा सोडून दिली, म्हणजे सुपरचार्जर असून नसल्यासारखा झाला. उद्या कुणी सहज पट्टी आवळली असती आणि हा वाढीव दाबाने सुटला असता, तर भर वेगात पिस्टन फुटला असता. कलाव्याने त्याला वाचवलं नसतं."

"मीच त्याला मरणाच्या दारात ढकललं असतं," नीलकंठराव म्हणाले.

मंडळी, देवाला नमस्कार खुशाल करा. पण आवाज कुठून येतो ते वाकून बघा, आणि काटा झाकणारा माणूस काय लपवतोय ते विचारा. विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही.

रविवारची शर्यत हृषीकेशने सोडली आणि कूलर पुन्हा मागवला. तो बसवायच्या दिवशी नीलकंठराव फडकं घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने काचेवरचं भस्म पुसलं.