आतल्या बाजूची खूण

श्यामसुंदर कर्णिकांचा देवावर पूर्ण विश्वास होता. देवळाबाहेर काढलेल्या चपलांवर मात्र त्यांची खूण असायची. दोन ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. हीच खूण घरातल्या डब्यांच्या बुडाशी होती, छत्रीच्या मुठीत होती, लग्नाच्या अल्बमच्या शेवटच्या पानावरही होती. "माझ्यावर कुठे केलीय ते अजून सापडलं नाही," असं त्यांच्या पत्नी शुभावहिनी पाहुण्यांना चहा देताना सांगत. कर्णिक हसत नसत. ते पाहुण्यांकडे बघत असत.

अंधेरीला मरोळच्या एका कारखान्यात कर्णिक मेंटेनन्सचे प्रमुख होते. तिथे पनीर, मोड आलेली कडधान्यं आणि सोयाचे कबाब प्लॅस्टिकच्या पाकिटांत भरतात आणि पाकिटातली हवा ओढून घेतात. हवा ओढायला तीन व्हॅक्यूम पंप आहेत. हवा नीट ओढली गेली तर पनीर पंधरा दिवस टिकतं. नाही ओढली गेली तर तिसऱ्या दिवशी पाकीट उशीसारखं फुगतं आणि दुकानदाराचा फोन येतो.

पंपाची रचना साधी आहे. आत एक रोटर फिरतो, त्याच्या खाचांत पाती बसवलेली असतात आणि दोन्ही टोकांना बिडाची एकेक जाड प्लेट असते. वर्षानुवर्षं फिरून प्लेटींवर चरे पडतात आणि बाहेर काढलेली हवा त्या चऱ्यांतून हळूच परत येते. मग पंप खोलून, घासून, नवी पाती घालून तो पुन्हा उभा करायचा. त्याला रीबिल्ड म्हणतात.

कर्णिकांचा सिद्धांत असा होता की रीबिल्डवाले मूळ जाड प्लेट काढून घेतात आणि तिच्या जागी कुठलीतरी हलकी बसवतात. म्हणून पंप बाहेर जायच्या आधी ते फिटर सर्वेशकडून तो खोलून घेत, प्लेट केबिनमध्ये नेत, दार लावत आणि एनग्रेव्हरने तिच्या आतल्या बाजूला खूण कोरत. पंप परत आला की पुन्हा खोलून खूण बघत. वाकोल्याच्या प्रीतमकडून सहा वर्षांत हे तीन पंप मिळून अकरा वेळा रीबिल्ड होऊन आले होते. अकराच्या अकरा वेळा खूण जशीच्या तशी होती. कर्णिकांनी आयुष्यात ज्या एका माणसाला प्रामाणिक म्हटलं तो हा प्रीतम.

या खेपेला प्रीतम गावी गेला होता, म्हणून दोन नंबरचा पंप घाटकोपरच्या जयवंत परबांकडे गेला. मंगळवारी तो परत आला. बुधवारी सकाळी कर्णिकांनी तो खोलायला लावला.

प्लेट आरशासारखी चकचकीत होती. खूण नव्हती.

कर्णिकांनी चष्मा पुसला, प्लेट उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. बत्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो चोर अखेर सापडला होता.

"बघ, सर्वेश. बदलली."

सर्वेश चाळिशीचा माणूस, एरवी बडबड्या, पण आज तो प्लेटीच्या एका कोपऱ्याकडे बघत होता आणि कपड्याने कोरडेच हात पुसत होता. कर्णिकांच्या हे लक्षात आलं. त्यांनी मनातल्या यादीत सर्वेशचंही नाव टाकलं.

मग त्यांनी फोन काढला. मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या एकेचाळीस कारखान्यांच्या मेंटेनन्सवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्या ग्रुपवर कर्णिकांच्या शब्दाला वजन होतं, कारण ते कोणाचंच कौतुक करत नसत. त्यांनी लिहिलं: 'घाटकोपरचे जयवंत परब पंपाचे मूळ भाग बदलतात. पुरावा हातात आहे. कोणीही काम देऊ नये.' हा मेसेज गेला असता तर परबांच्या गाळ्यात उद्यापासून एकही पंप उतरला नसता. कर्णिकांनी तो पाठवला नाही. आरोपीला आधी बोलावून त्याचा चेहरा बघायचा, ही त्यांची पद्धत होती.

परब अकरा वाजता स्कूटरवरून आले. पन्नाशीचे, बुटके, शर्टाच्या खिशात फूटपट्टी. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि परबांनी स्वतः बावीस वर्षं पंपांत हात काळे केले होते. टेबलावर सुटे भाग बघून ते दारातच थांबले.

"टेस्ट करून बंद केलेला पंप तुम्ही खोललात?"

"खोलला. म्हणून तर कळलं." कर्णिकांनी फोन त्यांच्यासमोर धरला. "हे वाचा. अजून पाठवलेलं नाही."

परबांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसले. "साहेब, माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत. हे गेलं की त्यांची वाट लागली. काय केलंय मी, ते तरी सांगा."

"या प्लेटीच्या आत माझी खूण होती. कुठे गेली?"

"आत म्हणजे... या तोंडावर? जिथे पाती घासतात तिथे?"

"जिथे कोणी बघत नाही तिथे."

"अहो, आम्ही तिथेच तर बघतो!" परबांचा आवाज चढला. "चरे पडले होते. ग्राइंडिंग करून ते काढले. चऱ्यांबरोबर तुमची खूण पण गेली. तोंड घासल्याशिवाय रीबिल्ड होतं कसं, यार?"

"वा," कर्णिक म्हणाले. "मीही चोर असतो तर हेच म्हटलं असतं."

परबांनी आपला मोबाइल काढला. पंप गाळ्यात आला की तो खोलून, भाग धुऊन फोटो काढायची त्यांची सवय होती, कारण काही गिऱ्हाइकं 'आमची पाती नवी होती' म्हणून भांडतात. फोटोत प्लेट होती, चरे होते आणि चऱ्यांच्या मधोमध दोन ठिपके, एक रेघ.

"हीच ना खूण? मला वाटलं कंपनीचा मार्क आहे. पाहिजे तर परत मारून देतो."

टेबलावर एनग्रेव्हर पडलाच होता. कर्णिक काही बोलायच्या आत परबांनी तो लावला. घर्रर्र आवाज झाला. अर्ध्या मिनिटात प्लेटीवर दोन ठिपके आणि रेघ उमटली, आणि खरं सांगायचं तर कर्णिकांच्या रेघेपेक्षा सरळ.

कर्णिकांनी त्या रेघेकडे बघितलं. घरातले सगळे डबे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

"याने काय सिद्ध झालं?" ते शेवटी म्हणाले. "फोटोतली प्लेट माझी आहे, कबूल. ही तीच आहे कशावरून?"

"कोपरा बघा. इथे टवका उडालाय. फोटोतही तोच आहे. कडेला ग्राइंडिंग लागत नाही, म्हणून राहिला."

"माझ्या प्लेटीला टवका नव्हता. प्रत्येक प्लेट मी तपासून घेतो. ही तुमची आहे. फोटोही मागाहून काढला असेल, खूण तर तुम्हाला मारता येतेच. आत्ताच दाखवलंत."

परबांनी स्वतःच्याच हातांनी स्वतःला पकडून दिलं होतं. कर्णिकांचा अंगठा फोनवर गेला.

परब मागे वळले आणि मालवणीवर आले. "काय रे सर्वेश, गप कित्याक उभो? तूच खोललं होतंस ना हे? टवका होता की नव्हता, बोल तरी."

सर्वेशने कपडा खिशात घातला, परत काढला. "होता साहेब. मी पाडला."

"काय?"

"दोन वर्षं झाली. हातातनं सटकली, लादीवर कोपऱ्यावर आपटली. मी टवक्यात पुट्टी भरून रंग मारला. तुम्ही वरून बघता ना, दिसलं नाही. यांनी धुतली तेव्हा पुट्टी निघाली असणार."

"दोन वर्षं लपवलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता मी मूळ प्लेट विकली नि फुटकी आणून लावली."

कर्णिकांनी प्रामाणिकपणे विचार केला. हो, तसंच म्हटलं असतं. पण म्हणून लगेच मान्य कसं करायचं? ते परबांकडून सर्वेशकडे आणि सर्वेशकडून परबांकडे बघत राहिले. दोघांचं आधीच संगनमत तर नसेल? दोघंही मालवणचे.

"बरं, मला सोडा," परब म्हणाले. "तुमचा एक नंबर कुणी केलाय?"

"प्रीतमने. सात महिने झाले. खूण शाबूत आहे, मी डोळ्यांनी पाहिलीय."

"तो खोला."

"त्याची गरज नाही."

"साहेब, तुम्ही माझा टेस्ट केलेला पंप खोललात. आता त्याचा खोला ना. न्याय सगळ्यांना सारखा नको?"

कर्णिकांना नकार देता आला नाही, कारण नकार देणं संशयास्पद दिसलं असतं. एक नंबर बंद केला, तेल काढलं. सर्वेशने नट सोडवले आणि प्लेट टेबलावर ठेवली. दोन ठिपके, एक रेघ. काळपट, स्पष्ट, शाबूत.

"बघा!" कर्णिक म्हणाले.

"बघतोय. आता नख फिरवा."

कर्णिकांनी खुणेवरून नख फिरवलं. खुणेच्या शेजारीच ते एका खोल चऱ्यात अडकलं. पुढे दुसरा चरा. तिसरा. खुणेच्या रेघेवरूनही एक चरा गेला होता. परबांनी फूटपट्टी प्लेटीवर उभी धरली आणि मागे टॉर्च लावला. पट्टीखालून उजेड येत होता.

"या प्लेटीला सहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही," परब म्हणाले. "बाहेरून रंग मारलाय. नवं तेल भरलंय. रंग चांगला मारलाय, ते मानायला पाहिजे."

पाकिटं फुगतात म्हणून कर्णिकांनी सात महिन्यांत तीन पाकीटवाले बदलले होते. दूधवाल्यावर नजर ठेवली होती. थंड खोलीत बसणाऱ्या दशरथला, तो रात्री फ्रीज बंद करतो अशा संशयावरून, दुसऱ्या खात्यात हलवलं होतं. पंपाकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. पंपात त्यांची खूण होती.

"अकरा वेळा," सर्वेश हळूच म्हणाला.

"मला मोजता येतं."

कर्णिकांनी फोन उचलला. परब ताठ झाले. मेसेज अजून तिथेच होता. कर्णिकांनी तो शेवटून सुरुवातीपर्यंत एकेक अक्षर करून खोडला, जणू प्रत्येक अक्षराची झडती घेत होते. मग लिहिलं: 'घाटकोपरच्या परबांचं काम तपासलं. चोख आहे. वाकोल्याच्या प्रीतमकडून आलेले पंप खोलून चरे बघा.' इथे ते थांबले. गेली सहा वर्षं ग्रुपवर प्रीतमचं नाव कुणी सुचवलं होतं, हे एकेचाळीस जणांना पाठ होतं.

ते दोघांकडे न बघता खिडकीपाशी गेले. बाहेर टेंपोत पनीर चढत होतं. दोन मिनिटांनी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली: 'मी आतल्या खुणेवरून खात्री देत होतो. ती खात्री चुकीची होती.' आणि पाठवलं.

"वाचू का?" परबांनी विचारलं.

"ग्रुपवर तुम्ही नाही आहात." कर्णिक खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पंप परत जोडून द्या. आणि सर्वेश, टवक्याचं पुन्हा बोलू नकोस. निदान आठवडाभर."

कर्णिकांच्या फोनवर उत्तरं यायला लागली. कुणी त्यांना दोष दिला नाही, कुणी आभार मानले नाहीत. मुलुंडच्या मिहिर टिपणीसांनी विचारलं, 'मग खूण कुठे करायची?' पाठोपाठ नऊ जणांनी तेच विचारलं. दहाव्याने विचारलं, 'आणि ती परबला कळणार नाही ना?'

पाच मिनिटांनी परबांचा फोन वाजला. विक्रोळीतून कुणीतरी होतं. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला.

"परब, दोन पंप पाठवतोय. पण खोलताना, ग्राइंडिंग करताना, जोडताना, माझा माणूस तिथे बसणार."

"बसवा," परब म्हणाले. "चहा देतो. पण त्याला सांगा, मध्ये मध्ये बोलायचं नाही. आणि त्याचेही फोटो काढणार मी."